बेलदरीची खालची घंटा

बेलदरीच्या महादेवाच्या देवळात शिरताना पाहुण्याचा हात आपोआप वर जातो आणि हवेतच राहतो. मघाशी तुमचाही राहिला. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचाच राहतो. कुणी म्हणतं, घंटा चोरीला गेली असेल. कुणी म्हणतं, एवढं जुनं देऊळ आणि गावाला साधी घंटा बांधता आली नाही. घंटा आहे. देवळाच्या मागे उतारावर गुरांना पाणी प्यायची दगडी डोण आहे, तिच्यावर दोन खांबांच्या मध्ये ती टांगलेली आहे. तीही इतकी खाली, की वाजवायची तर माणसाला वाकावं लागतं.

असं का, ते सांगतो. ही भरलेली घागर उंबऱ्याशी राहू द्या. लगेच ओतायची घाई नाही. बसा, दगड गार आहेत.

पूर्वी ही सडक नव्हती. कोकणातून वर यायला बेलदरीचा घाट होता, आणि तो या देवळाच्या मागच्या अंगाला, उत्तरेकडून वर चढायचा. त्या वाटेनं लमाणांचे तांडे यायचे. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी, खाली दरी आणि वर ऊन. घाट चढून आलेल्या जनावराला आधी पाणी लागतं. म्हणून ज्या कुणी हे देऊळ बांधलं, त्यानं पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर काढलं, त्याला पन्हळ करून दिली आणि ती खाली डोणीपर्यंत नेली. वर देवाला स्नान घडायचं, खाली मुक्या जिवाची तहान भागायची. बांधणारा कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही. पण शहाणा असावा, असं सांगतात.

त्याच्यानंतर किती पिढ्या गेल्या कोण जाणे. देवळाची पूजा गुरवाच्या घराकडे होती. त्या घरात खेमा नावाचा गुरव झाला. आम्ही त्याच घरातले, असं आम्ही म्हणतो. दाखवायला जवळ काही नाही, पण पूजा आमच्याकडे आहे, एवढं खरं.

खेमा फार नेमाचा माणूस. पहाटे उठायचा, आडावरून घागरी आणायचा आणि पिंडीवर धार धरायचा. ताप असला तरी धरायचा. त्याचा बाप गेला त्या सकाळीसुद्धा शेजारच्या माणसाच्या हातून त्यानं धार धरवली होती, म्हणे. वडील करत आले तसं करायचं, यात त्याला सुख होतं. आणि त्यात वाईट काय? मला तरी वाटत नाही.

पण एक गोष्ट झाली होती आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. पिंडीवरचं पाणी ज्या वाटेनं बाहेर जातं ती वाट ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. गावचे लोक पूर्वेकडून यायचे, गोमुखापर्यंत जायचे, हात जोडायचे आणि फिरायचे. पलीकडे उतार, करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांच्या खाली डोण. पन्हळ ओलांडल्याशिवाय डोण दिसायची नाही. आणि पन्हळ तर कुणी ओलांडत नव्हतं.

गोमुखातून पाण्याबरोबर बेलाची पानं यायची, फुलं यायची. ती पन्हळीत कुजली. त्यावर माती बसली. मातीत पाखरानं कुठून तरी उंबराचं बी टाकलं. उंबर वाढला आणि त्याची मुळं पन्हळीत शिरली. वरचं सगळं पाणी तिथंच मुरू लागलं. उंबर भर वैशाखातसुद्धा असा हिरवागार, की लोक म्हणायचे, बघा देवाची कृपा. बायका त्या उंबराला हळदकुंकू वाहायच्या. आणि खाली डोण कोरडी पडली होती. कधीपासून, ते सांगायला कुणी नव्हतं. तांडेवाल्यांना वाटलं, गावानं पाणी तोडलं. बरेच तांडे लांबच्या घाटानं जायला लागले.

एका चैत्रात सोमला नाईकाचा तांडा या वाटेनं आला. सोमला नाईक वयस्क, कमी बोलणारा. त्याचा पुढचा बैल धवळ्या. पांढरा, गळ्यात पितळेची घंटा. तांड्यातले बाकीचे बैल त्या घंटेच्या मागे चालायचे. धवळ्या डोणीपाशी आला, कोरड्या दगडाला त्यानं तोंड लावलं आणि तिथंच बसला. उठेना.

सोमला उतार चढून, जाळ्यांतून वाट काढत देवळाच्या पुढे आला. आत खेमा धार धरत होता. पाण्याचा आवाज येत होता. सोमला दारात थांबला, पूजा होईपर्यंत थांबला, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, "बाबा, एक घागर पाणी द्या. बैल बसलाय."

खेमानं आधी त्याच्या पायांकडे बघितलं. "नाईक, तुम्ही मागनं आला? देवाच्या पाण्याची वाट वलांडून?"

"पाणी?" सोमला म्हणाला. "मी पाचोळ्यातून आलोय बाबा. पाय बघा. कोरडे आहेत."

खेमानं वाकून पाय बघितले. त्याची बायको ठकूबाई दुसरी घागर घेऊन नुकतीच आली होती. तिनं घागर खाली ठेवलीच नाही. तशीच देवळाला वळसा घालून निघाली. खेमा मागं मागं गेला आणि गोमुखापाशी थबकला.

"अगं, वाट वलांडू नगंस."

"तुम्ही तिथंच ऱ्हावा," ठकूबाई म्हणाली. "देवानं इच्यारलं तर सांगा, बायकू ऐकत न्हाई." आणि लुगडं सावरून ती पलीकडे गेली.

धवळ्यानं घागरीत तोंड घातलं. अर्धी घागर पोटात गेल्यावर त्यानं मान वर केली आणि गळ्यातली घंटा वाजली. तो आवाज ऐकून खेमाचे पाय हलले, म्हणे. त्यानं डोळे मिटून पन्हळ ओलांडली आणि खाली गेला. जन्मात पहिल्यांदा त्यानं डोण बघितली. आत कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात वाळलेलं पान.

तो डोणीच्या काठावर बसला. म्हणाला, "माझा आजा वतत व्हता. बाप वतत व्हता. मी वततोय. मग एवढं पानी गेलं कुटं?"

वर उंबर सळसळत होता.

तांडा निघाला तेव्हा खेमानं धवळ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सोमलाला शब्द दिला, "नाईक, फुडच्या साली याच वाटेनं या. डोण भरल्याली आसंल. महादेवाची आन."

तांड्यातले लोक म्हणाले, गुरवाच्या बोलण्यावर बैल मारायचे का? सोमला म्हणाला, "देवाची आण घेतली त्यानं. येऊ."

त्या दिवसांत देवळाच्या ओसरीवर एक गोसावी मुक्कामाला होते. शिकलेले, खूप फिरलेले, मायाळू माणूस. त्यांनी हे सगळं पाहिलं. सांजेला खेमाच्या घरी जेवताना ते त्याला म्हणाले, "बांधणाऱ्यानं ही पन्हळ डोणीपर्यंत कशासाठी नेली असेल? तहानलेल्याला पाणी मिळावं म्हणून. देवाची इच्छा तेवढीच. मग दगडावरून पाणी कशाला फिरवतोस? सरळ डोणीत ओत. तीच तुझी पूजा."

खेमाला ते एकदम पटलं. आपण इतकी वर्षं करत होतो त्याचा अर्थ आज कळला, म्हणून त्याचे डोळे भरून आले. ठकूबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "बुवा, तुमचं खरंच हाय. पर ह्यांना एखादी गोस्ट समजली की हात थंड पडत्यात. तेवढं ध्यानात ठेवा."

गोसावी हसले. खेमाही हसला. चार दिवसांनी गोसावी पुढच्या मुक्कामाला गेले.

गोसावी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच खेमा पिंडीवर नुसतं फूल वाहायचा आणि घागरी थेट डोणीत नेऊन ओतायचा. गावात थोडी कुजबुज झाली, पण डोण भरलेली बघून लोकांनाही बरं वाटलं. पन्हळ तशीच बुजलेली राहिली. तिचं आता काय काम होतं?

मग पाऊस आला. डोण पावसानंच भरून वाहू लागली. भरलेल्या डोणीत पाणी ओतण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून खेमानं ओतलं नाही. ते बरोबरच होतं. पाऊस सरला, गारठा पडला. त्या दिवसांत घाटावर कुणी फिरकत नव्हतं, म्हणून ओतलं नाही. तेही बरोबर होतं. पुढे ऊन तापायला लागलं, तेव्हा खेमा म्हणाला, तांडा पुनवेनंतर येतो, आधी ओतलं तर उन्हानं आटून जाईल. त्यातही काही चूक नव्हती. पाणी का ओतायचं ते ज्याला कळतं, त्याला आज का ओतायचं नाही तेही कळू लागतं. मी याचा फार विचार केला आहे आणि मला खेमाचा राग येत नाही. रोजच्या कामाला कारण विचारलं की एखादा दिवस ‘आज कारण नाही’ म्हणतोच.

पुनवेच्या अलीकडे खेमाच्या भाचीचं लग्न होतं, खालच्या वाडीत. नवराबायको लग्नाला गेली. पूर्वी असं कुठं जायचं झालं, तर धार धरायला कुणाला तरी सांगून जायची रीत होती. या वेळी सांगायचं काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. सोमलानं तांडा लवकर हाकला होता.

खेमा लग्नाहून परत आला तेव्हा देवळाच्या मागून माणसांचे आवाज येत होते. तो धावत खाली गेला. बाकीचे बैल लोकांनी लांबच्या झऱ्यावर नेले होते. धवळ्या डोणीपाशी आडवा पडला होता. सोमला त्याच्या मानेखाली हात घालून बसला होता.

"याला लई ओढलं," सोमला म्हणाला. "झऱ्याकडे चल म्हटलं. हलला नाही. मागच्या साली इथं पाणी मिळालं होतं ना. त्याला वाटलं, येईल. वर देवळात कुणी नव्हतं, आणि झऱ्याचं पाणी येईपर्यंत यानं मान टाकली."

खेमा उभाच राहिला. ठकूबाई घागर आणायला वर पळाली. तिनं पाणी आणलं, धवळ्याच्या तोंडात हातानं घातलं. ते बाहेर आलं. मग तिनं उरलेलं पाणी डोणीत ओतलं आणि पदर तोंडाला लावून बसली.

खेमा म्हणाला, "नाईक, मला समदं समजलं व्हतं."

"समजलं असेल बाबा," सोमला म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर खेमाला बरं वाटलं असतं, असं आमच्या घरात सांगत आले आहेत.

धवळ्याला त्यांनी तिथंच उतारावर पुरलं. सोमलानं त्याच्या गळ्यातली घंटा काढली, कपड्यानं पुसली आणि खेमाच्या हातात दिली. "दुसऱ्या बैलाला ही बांधवत नाही. तुमच्या देवाला बांधा." एवढं बोलून तो गेला. पुढच्या साली येतो असं काही म्हणाला नाही, आणि खेमाच्यानंही विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खेमानं पुन्हा पिंडीवर धार धरली. पहिल्यापेक्षा जास्त घागरी. ओल्या अंगानं तो गाभाऱ्याच्या दारात घंटा बांधायला चढला. ठकूबाई खाली उभी होती.

"हितं बांधताय?"

"मग कुटं? देवाला दिलीया न्हवं?"

"हितं बांधली तर तुम्हीच वाजवनार आन् तुम्हीच ऐकनार," ठकूबाई म्हणाली. "खाली कोरडं हाय का वलं, ते ह्या घंटंला कसं कळनार? ती खाली बांधा. पानी पोचलं की मी वाजवीन. वाजली तर पूजा झाली म्हना. न्हाई वाजली तर झाली न्हाई."

खेमा शिडीवरच थांबला, म्हणे. मग घंटा घेऊन खाली उतरला.

आता पन्हळ मोकळी करायची होती. दोघांनी खणायला घेतलं. ज्या जागेवर पाय पडू नये म्हणून सगळं गाव मागे फिरायचं, तिथं खेमा पहार घेऊन उभा राहिला. गावातले काही जण नाकं मुरडून गेले, काही जण टोपल्या घेऊन आले. उंबर तोडायचा म्हणून कुऱ्हाडही कुणी आणली. ठकूबाईनं तोडू दिला नाही. म्हणाली, त्या झाडाचा काय दोष, त्याला पानी गावलं, ते प्यालं. म्हणून पन्हळ उंबराला वळसा घालून नेली. ते वळण तुम्ही खाली जाताना बघाल.

काम अर्ध्यावर असताना गोसावी परत आले. खेमानं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग कपाळाला हात लावून बसले. ठकूबाई म्हणाली, "बुवा, बसून काय व्हनार? ही पाटी उचला." त्यांनी उचलली. पन्हळीचे सगळे दगड बसेपर्यंत ते राहिले. खालचे दोन खांबही त्यांनीच रोवले, असं सांगतात. घंटा किती उंच टांगायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा खेमानं हातानं दाखवलं. धवळ्याची मान जिथवर यायची, तिथवर.

जाताना गोसाव्यांनी विचारलं, "खेमा, आता कशासाठी ओतशील?"

खेमा म्हणाला, "रोजचं हाय म्हनून वतीन. आन् कुटं जातंय ते बघून यीन."

गोसावी त्याच्या पाया पडले, असं काही जण सांगतात. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. आमच्याकडे सांगतात, त्यांनी खेमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

तेव्हापासून रोज तसं व्हायचं. खेमा धार धरायचा आणि शेवटचं बेलाचं पान हातात घेऊन थांबायचा. ठकूबाई पन्हळीच्या कडेनं खाली जायची, पाणी डोणीत पडलं की वाकून घंटा वाजवायची. आवाज आला की खेमा पान वाहायचा. पावसात डोण भरलेली असली तरी तो ओतायचा. गारठ्यात घाट मोकळा असला तरी ओतायचा. आज कुणी येणार का, असं त्यानं पुन्हा कधी मनात आणलं नाही. पन्हळीत पान अडकलं असलं की घंटेला उशीर व्हायचा, मग तो स्वतः जाऊन बघायचा.

असं पुन्हा चैत्रापर्यंत आलं. पूनव आली, गेली. घाटावर कुणी दिसलं नाही.

एका सकाळी ठकूबाईच्या पायात काटा मोडला होता. ती देवळातच बसून सुईनं तो काढत होती. खेमानं धार धरली, पान हातात घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "जाते की. काटा तर निघू द्या."

आणि खाली घंटा वाजली.

खेमा म्हणाला, "तू हितं हायस."

"मग काय दोन ठिकानी आसंन?" ठकूबाई म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

घंटा पुन्हा वाजली. थांबून थांबून, पाणी पिताना मान हलावी तशी.

दोघं खाली गेली. ती काटा तसाच ठेवून लंगडत गेली. डोणीवर एक तरणा पांढरा बैल पाणी पीत होता. मान वर केली की त्याचं शिंग घंटेला लागत होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवून सोमला नाईक उभा होता. मागे उतारावर अख्खा तांडा थांबला होता.

खेमानं एवढंच विचारलं, "धवळ्याचा कोन?"

"त्याच्या बहिणीचा," सोमला म्हणाला. "वाट मी दाखवली नाही. पाण्याचा वास घेत तोच पुढे आला."

खेमानं त्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. या खेपेला त्यानं काही शब्द दिला नाही. द्यायचं काही उरलं नव्हतं, डोण भरलेली होती. मग त्याच्या ध्यानात आलं, पान अजून हातातच आहे. तो धावत वर गेला आणि त्यानं ते पिंडीवर वाहिलं.

आता तांडे येत नाहीत. मीठ गाडीतून येतं. पण आजही आमच्या देवळात घंटा बांधत नाहीत. आजही इथे पन्हळ ओलांडायला मनाई नाही. आमची प्रदक्षिणा गोमुखाशी मागे फिरत नाही, ती पन्हळीच्या कडेनं खाली डोणीपर्यंत जाते आणि तिथून वर येते. शिवरात्रीला लोक आधी पन्हळीतली पानं काढतात, मग पिंडीला हात लावतात. आणि जो कुणी पाणी ओततो, तो शेवटचं पान हातात धरून थांबतो. घरातलं कुणी खाली जाऊन घंटा वाजवतं. कुणी जायला नसलं तर गुरांची वाट बघतात. कधी वेळ लागतो. त्याची कुणाला कटकट वाटत नाही.

आता घागर उचला. सावकाश ओता, धार तुटू देऊ नका. हं, असं. हे पान घ्या. बोटांत धरा, अजून वाहू नका.

पाणी उंबराच्या वळणाला थोडं रेंगाळतं. माझे गुडघे आता उतार उतरत नाहीत, पण गुरं परतायची वेळ झालीच आहे. आपण थांबू. इथे पूजा माणूस सुरू करतो, ती झाली का, ते खालून कळतं.